आयझॅक वॉल्टन

आयझॅक वॉल्टन (१५९३ – १५ डिसेंबर १६८३) हे सतराव्या शतकातील इंग्रज गद्यलेखक व चरित्रकार होते. गोड्या पाण्यातील मासे गळाने धरण्याच्या कलेवरील 'द कम्प्लीट अँग्लर' (१६५३) या ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. कवी व धर्मोपदेशक जॉन डन, मुत्सद्दी सर हेन्री वॉटन, धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड हूकर, कवी जॉर्ज हर्बर्ट आणि बिशप रॉबर्ट सँडरसन या पाच व्यक्तींची त्यांनी लिहिलेली चरित्रे इंग्रजी चरित्रवाङ्मयाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींमध्ये गणली जातात. विद्यापीठीय शिक्षण न लाभलेला आणि व्यापारावर उपजीविका करणारा हा गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावर ग्रंथकार म्हणून पुढे आला आणि नव्वदाव्या वर्षापर्यंत लिहीत राहिला. काठी कशी असावी, दोरी कशी वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे असा व्यावहारिक तपशील वाङ्मयाच्या पातळीवर नेणारे लेखक म्हणून त्यांचे स्थान वेगळे आहे.

जन्म व बालपण

वॉल्टन यांचा जन्म इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील स्टॅफर्ड या गावी झाला. २१ सप्टेंबर १५९३ रोजी तेथील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. ९ ऑगस्ट ही जन्मतारीख परंपरेने मानली जाते. तिला आधार आहे तो त्यांनी ९ ऑगस्ट १६८३ रोजी लिहावयास घेतलेल्या मृत्युपत्रातील वयाच्या उल्लेखाचा. त्यांचे वडील जर्व्हिस वॉल्टन हे स्टॅफर्डमध्ये मद्यगृह चालवीत. आयझॅक चार वर्षांचे होण्यापूर्वीच, १५९७ च्या फेब्रुवारीत, वडिलांचे निधन झाले. आई अ‍ॅन यांनी पुढे बर्न नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला. हे गृहस्थही खाणावळीच्याच व्यवसायात होते. प्रवाशांची वर्दळ, शेकोटीभोवतीच्या गप्पा आणि नदीकाठचे मोकळे रान या वातावरणात त्यांचे बालपण गेले. त्यांच्या ग्रंथातील खाणावळींची वर्णने इतकी जिव्हाळ्याची का आहेत, याचे उत्तर या पार्श्वभूमीत मिळू शकते.

लंडनमधील उमेदवारी व व्यवसाय

तरुणपणी वॉल्टन लंडनला आले. त्यांच्या बहिणीचे यजमान टॉमस ग्रिन्सेल हे तेथे व्यापारी होते. त्यांच्याकडे वॉल्टन यांनी उमेदवारी केली. त्या काळी लंडनमध्ये स्वतंत्र व्यापार करावयाचा तर एखाद्या व्यापारी श्रेणीचे सभासदत्व आवश्यक असे. १२ नोव्हेंबर १६१८ रोजी वॉल्टन यांना आयर्नमाँगर्स कंपनी, म्हणजे लोहविक्रेत्यांची श्रेणी, हिचे सभासदत्व मिळाले. नाव लोहविक्रेत्यांचे असले तरी सभासदाने लोखंडच विकले पाहिजे असे बंधन नव्हते. वॉल्टन यांचा व्यवसाय कापडाचा होता असे मानले जाते. १६२४ च्या सुमारास फ्लीट स्ट्रीटवर चॅन्सरी लेनच्या तोंडाजवळ त्यांचे दुकान होते, तेही दुसऱ्या व्यापाऱ्याबरोबर वाटून घेतलेले.

हा परिसर सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट या चर्चच्या हद्दीत येई. १६२४ मध्ये तेथे धर्मोपदेशक म्हणून जॉन डन आले. दुकानदार वॉल्टन आणि प्रकांड पंडित डन यांचा परिचय येथेच झाला आणि तो डन यांच्या मृत्यूपर्यंत (१६३१) टिकला. डन यांच्या कवितांचा संग्रह १६३३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वॉल्टन यांनी रचलेले शोकगीत आहे. डन यांनी आपल्या निकटवर्तीयांसाठी नांगरावर ख्रिस्तमूर्ती कोरलेल्या मुद्रा करवून घेतल्या होत्या. त्यांपैकी एक वॉल्टन यांच्याकडे होती आणि अर्ध्या शतकानंतर आपल्या मृत्युपत्रावर त्यांनी तीच उमटवली. डन यांच्यामुळेच सर हेन्री वॉटन यांच्यासारख्या मोठ्या माणसांशी त्यांची ओळख झाली. राजदूतपद भूषवून ईटन विद्यालयाचे प्रमुख झालेल्या वॉटन यांना गळाने मासे धरण्याचा छंद होता. या छंदामुळे दोघांची मैत्री अधिक घट्ट झाली.

कौटुंबिक जीवन

२७ डिसेंबर १६२६ रोजी कँटरबरी येथे वॉल्टन यांचा विवाह रेचल फ्लाउड यांच्याशी झाला. रेचल या आर्चबिशप टॉमस क्रॅनमर यांच्या घराण्याशी नात्याने जोडलेल्या होत्या. या दांपत्याला सात अपत्ये झाली. त्यांपैकी एकही बालपण ओलांडू शकले नाही. १६४० मध्ये रेचल यांचेही निधन झाले. सुमारे १६४७ मध्ये वॉल्टन यांनी अ‍ॅन केन यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढे बिशप व स्तोत्रकार म्हणून प्रसिद्धीस आलेले टॉमस केन हे अ‍ॅन यांचे सावत्र बंधू होत. या विवाहापासून झालेली कन्या अ‍ॅन आणि पुत्र आयझॅक ही दोन अपत्ये जगली. मधला एक मुलगा तान्हेपणीच गेला. १६६२ मध्ये दुसऱ्या पत्नीचाही मृत्यू झाला; वूस्टर कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले. ज्या ग्रंथात प्रसन्नता ओसंडते तो लिहिणाऱ्याने तोवर किती प्रेते खांद्यावर वाहिली होती, हे त्या ग्रंथाच्या वाचकाला कोठेही सांगितलेले नाही.

यादवी युद्ध आणि राजाचा दागिना

१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजनिष्ठ होते आणि इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे श्रद्धाळू अनुयायी होते. लंडन पार्लमेंटच्या ताब्यात असल्याने त्यांच्यासारख्यांना तेथे राहणे अवघड होत गेले. १६४३-४४ च्या सुमारास त्यांनी फ्लीट स्ट्रीटवरील बिऱ्हाड सोडले. पुढील वर्षांत प्रार्थनाग्रंथाच्या वापरावर बंदी आली, बिशपांची पदे रद्द झाली, वॉल्टन यांचे अनेक धर्मोपदेशक मित्र पदच्युत झाले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टरच्या लढाईत तरुण राजपुत्र दुसरा चार्ल्स याच्या सैन्याचा पूर्ण पराभव झाला. पळापळीत राजाचा 'लेसर जॉर्ज' नावाचा रत्नजडित दागिना, म्हणजे ऑर्डर ऑफ द गार्टर या मानाचे चिन्ह, कर्नल टॉमस ब्लेग यांच्याकडे होता. पकडले जाण्यापूर्वी ब्लेग यांनी तो स्टॅफर्डशायरमधील एका घरी दडवून ठेवला. तेथून तो हस्ते परहस्ते वॉल्टन यांच्याकडे आला. वॉल्टन यांनी तो लंडनला नेऊन टॉवरच्या तुरुंगात असलेल्या ब्लेग यांच्या हाती पोहोचता केला. ब्लेग यांनी पुढे कैदेतून सुटका करून घेतली आणि दागिना परदेशात असलेल्या राजाकडे गेला. वाटेत झडती झाली असती तर वॉल्टन यांच्यावर मोठे संकट ओढवले असते. अठ्ठावन्न वर्षांच्या या शांत स्वभावाच्या व्यापाऱ्याने प्रत्यक्ष राजकारणात केलेले हे एकमेव ज्ञात धाडस होय. यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांचा मासेमारीवरील ग्रंथ बाहेर पडला.

'द कम्प्लीट अँग्लर'

हा ग्रंथ मे १६५३ मध्ये लंडनमधील रिचर्ड मॅरियट या प्रकाशकाने प्रसिद्ध केला. जाहिरातीत त्याची किंमत अठरा पेन्स अशी दिली होती. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. अर्पणपत्रिकेखाली केवळ नावाची संक्षिप्त अक्षरे होती. ग्रंथ स्टॅफर्डशायरमधील जॉन ऑफ्ली यांना अर्पण केलेला आहे.

पहिल्या आवृत्तीत तेरा प्रकरणे होती आणि संवाद दोघांत होता: मासे गरवणारा पिस्केटर आणि वाटसरू व्हिएटर. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकरणे एकवीस झाली आणि पात्रे तीन: पिस्केटर, शिकारी व्हेनेटर आणि ससाणे पाळणारा ऑसेप्स. मे महिन्यातील एका सकाळी हे तिघे लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅम येथे भेटतात आणि ली नदीच्या काठाने चालू लागतात. प्रत्येक जण आपापल्या छंदाची थोरवी सांगतो. हवा, जमीन आणि पाणी यांपैकी श्रेष्ठ काय, असा वाद रंगतो. ऑसेप्स निरोप घेतो. व्हेनेटर पाणमांजराची शिकार पाहून झाल्यावर पिस्केटरचे शिष्यत्व पत्करतो. मग पाच दिवसांच्या भटकंतीत गुरू शिष्याला एकेका माशाचा स्वभाव, त्याची जागा, त्याचा हंगाम, त्याला धरण्याची युक्ती आणि तो शिजवण्याची रीत सांगत जातो. चब, ट्राउट, ग्रेलिंग, सामन, पाइक, कार्प, ब्रीम, टेंच, पर्च, वाम, बार्बेल, रोच, डेस अशा माशांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. मध्येच पाऊस येतो, दोघे झुडुपाखाली थांबतात. गवळणी गाणी म्हणतात. रात्री खाणावळीत लव्हेंडरचा वास असलेल्या अंथरुणावर झोप लागते.

ग्रंथात युद्धाचा उल्लेख जवळजवळ नाही. तरीही त्याचे वाचक कोण होते हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. घरदार, पद आणि प्रार्थनागृह गमावून खेड्यापाड्यांत दिवस काढणाऱ्या लोकांना संयम, समाधान आणि मैत्री यांचा धडा या पुस्तकाने दिला. ग्रंथाचा शेवटही शांत राहण्याचा अभ्यास करण्याच्या बायबलमधील उपदेशाने होतो. वॉल्टन यांच्या हयातीत त्याच्या १६५३, १६५५, १६६१, १६६८ आणि १६७६ अशा पाच आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्यांनी मजकुरात भर घालून फेरफार केले.

गळाच्या साहित्याविषयीचा उपदेश

आजच्या वाचकाला या ग्रंथातील सर्वांत नवलाचा भाग साहित्याच्या निवडीचा वाटतो. त्या काळी बहुतेक साहित्य मासे गरवणाऱ्याला स्वतः तयार करावे लागे किंवा निदान पारखून घ्यावे लागे. काठी, दोरी, गळ, शिसे, तरंगणारे बूच, पाण्याची खोली मोजण्याचा ओळंबा, गळाला धार लावण्याचा दगड, सुरी, टोपली, जाळे आणि आमिषे अशी यादी ग्रंथात येते. हे सर्व घेण्यासाठी पिस्केटर शिष्याला लंडनमधील दोन प्रामाणिक विक्रेत्यांची नावे व पत्तेही सांगतो. त्यांपैकी एक सेंट पॉलच्या आवारात पुस्तकविक्रेत्यांच्या शेजारी राहणारा होता.

काठी: कृत्रिम माशीने ट्राउट धरावयाचा असेल तर काठी हलकी आणि लवचीक असावी, ती दोन तुकड्यांची असल्यास उत्तम, असे वॉल्टन सांगतात. जड काठीने हात दमतो आणि माशी पाण्यावर अलगद पडत नाही. काठीला रंग देण्याची कृतीही त्यांनी दिली आहे: प्रथम सरसाचे पाणी, मग सफेदा, शेंदूर आणि कोळशाची पूड जवसाच्या तेलात घोटून राखी रंगाचा हात, आणि त्यावर जंगाल मिसळलेला हिरवा रंग. रंगामुळे काठीत पाणी मुरत नाही आणि काठावरच्या हिरवळीत ती उठून दिसत नाही.

दोरी: रेशमी किंवा कृत्रिम धाग्यांचा प्रसार होण्यापूर्वी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. केस निवडताना तो गोल, पारदर्शक आणि गाठी-खरवडी नसलेला घ्यावा. असा एक केस तीन वेड्यावाकड्या केसांइतका टिकतो. एका पेरात वळावयाचे सर्व केस सारख्या जाडीचे असावेत, म्हणजे ताण पडल्यावर ते एकसाथ ताणले जातात. केसांची जाडी असमान असेल तर बारीक केस आधी तुटतो आणि उरलेले त्याच्यामागून जातात. वळलेली पेरे दोरीत गाठण्यापूर्वी किमान पाव तास पाण्यात भिजवून पुन्हा वळावीत. तसे न केल्यास पहिल्याच दिवशी एखादा केस आखडून इतरांपेक्षा आखूड होतो आणि तितके बळ वाया जाते. या सूचनांमागील तर्क आजच्या दोरखंडालाही लागू पडतो.

केसांना पाण्यासारखा हिरवट रंग आणण्यासाठी एक पाइंट कडक एल, अर्धा पौंड काजळी, अक्रोडाच्या पानांचा थोडा रस आणि तितकीच तुरटी एकत्र अर्धा तास उकळावी, द्रावण थंड झाल्यावर त्यात केस ठेवावेत, असे ते सांगतात. मात्र रंग फार गडद होऊ देऊ नये अशी ताकीदही आहे.

दोरीची जाडी माशावर अवलंबून असते. माशीने ट्राउट धरताना गळाजवळच्या तीन-चार पेरांत तीन किंवा चारच केस असावेत, वरच्या भागात ती अधिक जाड चालेल. ज्याला एका केसावर मासा खेळवणे साधेल त्याच्या गळाला अधिक मासे येतील. दोरी फार लांब ठेवण्याची बहुतेकांची सवय त्यांना मान्य नाही. पाइकसाठी मात्र गळाजवळ तारच हवी, कारण त्याचे दात साधी दोरी कापून टाकतात.

चाक: काठीवर दोरी गुंडाळण्याचे चाक, म्हणजे आजचे रीळ, तेव्हा इंग्लंडमध्ये नवे होते. टॉमस बार्कर यांनी १६५१ च्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला होता. वॉल्टन यांनी सामन धरण्याच्या संदर्भात काठीच्या टोकाला तारेची कडी आणि काठीच्या मध्यावर किंवा हाताजवळ चाक लावण्याची पद्धत नोंदवली. शब्दांनी समजावण्यापेक्षा ते चाक प्रत्यक्ष पाहिल्यास लवकर कळेल, असे सांगून त्यांनी तो विषय सोडला आहे. ट्राउटसारख्या लहान माशांसाठी त्या काळी दोरी सरळ काठीच्या टोकालाच बांधीत.

आमिष आणि उभे राहण्याची जागा: गांडुळे काही दिवस ओलसर शेवाळात ठेवावीत, शेवाळ बदलत राहावे, म्हणजे ती चिवट व तकतकीत होतात. ब्रीमसाठी आदल्या संध्याकाळी ओळंब्याने खोली मोजून तेथे मोड काढलेल्या सातूचा शिजवलेला भरडा टाकून ठेवावा. माशीने मासे धरताना वारा पाठीवर आणि ऊन समोर असावे, काठीचे टोक खाली ठेवावे, म्हणजे माणसाची व काठीची सावली पाण्यावर पडून मासे बुजणार नाहीत. कोकणात गरी घेऊन नदीवर बसणाऱ्या कोणालाही हा शेवटचा उपदेश ओळखीचा वाटेल.

चार्ल्स कॉटन यांचे साहाय्य

वॉल्टन आमिषाने मासे धरण्यात निष्णात होते. कृत्रिम माशीच्या तंत्रात आपण अधिकारी नाही याची त्यांना जाणीव होती. ही उणीव त्यांचे तरुण मित्र चार्ल्स कॉटन (१६३०–१६८७) यांनी भरून काढली. कॉटन हे डव्ह नदीकाठच्या बेरेसफर्ड हॉलचे जमीनदार, कवी आणि अनुवादक होते. दोघांच्या वयात सदतीस वर्षांचे अंतर होते आणि कॉटन वॉल्टन यांना पित्यासमान मानीत. १६७४ मध्ये कॉटन यांनी डव्हच्या काठी दगडी मासेमारीगृह बांधले आणि त्याच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरवली. ही वास्तू आजही उभी आहे.

१६७६ च्या पाचव्या आवृत्तीसाठी कॉटन यांनी अवघ्या काही दिवसांत दुसरा भाग लिहून दिला. स्वच्छ, उथळ आणि वेगवान प्रवाहात ट्राउट व ग्रेलिंग कसे धरावेत, हा त्याचा विषय आहे. ट्राउटच्या नदीसाठी पाच ते सहा यार्ड लांबीची काठी पुरेशी होते आणि पाणी जितके निवळ तितकी दोरी बारीक व मासे गरवणारा काठापासून दूर असावा, हे त्यांचे सांगणे पुढील पिढ्यांनी प्रमाण मानले. महिन्यागणिक वापरावयाच्या कृत्रिम माश्यांची त्यांनी दिलेली यादी वॉल्टन यांच्या यादीपेक्षा कितीतरी मोठी व निरीक्षणावर आधारलेली आहे.

चरित्रलेखन

वॉल्टन चरित्रकार झाले ते योगायोगाने. डन यांच्या प्रवचनांच्या संग्रहाला जोडावयाचे चरित्र सर हेन्री वॉटन लिहिणार होते आणि वॉल्टन त्यांच्यासाठी माहिती गोळा करीत होते. १६३९ च्या डिसेंबरात वॉटन वारले. चरित्राविना ग्रंथ निघणार हे कळल्यावर वॉल्टन यांनीच लेखणी हाती घेतली आणि १६४० मध्ये डन यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर वॉटन (१६५१), हूकर (१६६५), हर्बर्ट (१६७०) आणि सँडरसन (१६७८) यांची चरित्रे आली. पहिली चार १६७० मध्ये एकत्रित स्वरूपात निघाली. सँडरसन यांचे चरित्र लिहिले तेव्हा वॉल्टन पंचाऐंशी वर्षांचे होते.

चरित्रनायकाची पत्रे, मित्रांच्या आठवणी आणि लहानसहान प्रसंग यांतून माणूस उभा करण्याची त्यांची रीत त्या काळी नवी होती. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या आवडत्या पुस्तकांत या चरित्रांचा समावेश होता, तर कवी वर्ड्‌स्वर्थ यांनी त्यांवर सुनीत रचले.

आक्षेप व मूल्यमापन

वॉल्टन यांच्या कीर्तीइतकेच त्यांच्यावरील आक्षेपही जुने आहेत. पहिला आक्षेप उसनवारीचा. त्यांच्या बारा कृत्रिम माश्यांची यादी १४९६ मध्ये छापलेल्या आणि डेम जुलियाना बर्नर्स यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या जुन्या निबंधापर्यंत मागे जाते. बार्कर यांचे ऋण त्यांनी नाव घेऊन मान्य केले आहे. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास 'द आर्ट ऑफ अँग्लिंग' या १५७७ च्या पुस्तकाची एकमेव ज्ञात प्रत उजेडात आली, तेव्हा त्यातही पिस्केटर व व्हिएटर यांचाच संवाद असल्याचे आणि काही मजकूर वॉल्टन यांच्याशी जुळत असल्याचे दिसून आले. या पुस्तकाचा उल्लेख वॉल्टन यांनी केलेला नाही. त्या काळी पूर्वसूरींचे साहित्य असे वापरण्याचा प्रघात होता, हे त्यांच्या बाजूने सांगितले जाते; तरी संवादाचा साचा त्यांचा स्वतःचा नव्हता हे आता मान्य झाले आहे. त्या साच्यात त्यांनी ओतलेला ऋतू, निसर्ग आणि माणसांचा ओलावा मात्र पूर्वीच्या पुस्तकात आढळत नाही.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. क्रॉमवेलच्या सैन्यात राहिलेले आणि स्कॉटलंडच्या नद्यांत सामन धरलेले रिचर्ड फ्रँक यांनी १६९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वॉल्टन यांच्यावर पुस्तकी ज्ञानाचा ठपका ठेवला. काही पाइक पाणवनस्पतींपासून उत्पन्न होतात, अशी जुन्या पंडितांची समजूत वॉल्टन यांनी पुढे चालवली होती, तीवर फ्रँक यांचा विशेष रोख होता. या मुद्द्यावर फ्रँक बरोबर होते.

तिसरा आक्षेप क्रौर्याचा. जिवंत बेडूक गळाला लावण्याची कृती वॉल्टन यांनी अतिशय मायेच्या स्वरात सांगितली आहे. त्या विसंगतीवर कवी बायरन यांनी 'डॉन जुआन' या काव्यात कठोर टीका केली.

चरित्रांविषयीही संशोधकांनी प्रश्न उपस्थित केले. हूकर यांचे चरित्र आर्चबिशप शेल्डन यांच्या सूचनेवरून लिहिले गेले आणि चर्चची बाजू मांडणे हा त्यामागील एक हेतू होता. त्यात हूकर यांच्या पत्नीचे रंगवलेले कजाग चित्र न्यायालयीन कागदपत्रांशी जुळत नाही, हे सी. जे. सिसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिले. वॉल्टन यांनी माणसांना काहीसे आपल्याच साच्यात, सौम्य आणि सात्त्विक करून रंगवले, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे ही चरित्रे इतिहासाचे साधन म्हणून तपासून घ्यावी लागतात.

अखेरची वर्षे व मृत्युपत्र

१६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर वॉल्टन यांचे मित्र जॉर्ज मॉर्ली प्रथम वूस्टरचे आणि १६६२ मध्ये विंचेस्टरचे बिशप झाले. पत्नीच्या निधनानंतर वॉल्टन यांचा दीर्घ काळ मॉर्ली यांच्या आश्रयाने गेला. त्यांची कन्या अ‍ॅन हिचा विवाह विंचेस्टर कॅथीड्रलमधील धर्माधिकारी विल्यम हॉकिन्स यांच्याशी झाला होता. अखेरची वर्षे त्यांनी लेक-जावयाच्या सहवासात काढली. १५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टर येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर त्यांचे निधन झाले. कॅथीड्रलमधील प्रायर सिल्कस्टेड यांच्या उपासनाकक्षात त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या मृत्युपत्रात जन्मगावाची आठवण आहे. स्टॅफर्डजवळील शॅलोफर्ड येथील आपले घर व शेत मुलगा विशिष्ट वयापर्यंत अविवाहित राहिल्यास स्टॅफर्ड नगराला मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. त्या उत्पन्नातून दरवर्षी दोन गरीब मुलांना धंद्याची उमेदवारी मिळवून द्यावी, एखाद्या मोलकरणीला किंवा शेतकऱ्याच्या मुलीला लग्नासाठी साहाय्य करावे आणि उरलेल्या रकमेतून गरिबांना कोळसा द्यावा, असे त्यांनी लिहिले. कोळसा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभी वाटावा, कारण गरिबांना तोच काळ सर्वांत जाचतो, हेही त्यांनी आवर्जून नमूद केले. त्यांचे निधन झाले त्या हिवाळ्यात थेम्स नदी गोठून तिच्यावर बाजार भरला होता. सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये अधिकारी असलेले पुत्र आयझॅक (मृत्यू १७१९) अविवाहितच राहिले आणि मालमत्ता नगराकडे गेली.

स्मृती व प्रभाव

१६७६ नंतर 'द कम्प्लीट अँग्लर' जवळजवळ पाऊण शतक पुन्हा छापले गेले नाही. डॉ. जॉन्सन यांच्या प्रेरणेने मोझेस ब्राउन यांनी १७५० मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली. १७६० मध्ये जॉन हॉकिन्स यांनी वॉल्टन यांच्या चरित्रासह दुसरी संपादित केली. तेव्हापासून त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या असून सर्वाधिक वेळा छापलेल्या इंग्रजी ग्रंथांत त्याची गणना होते.

शॅलोफर्ड येथील वॉल्टन यांच्या घरात आज संग्रहालय आहे. १९१४ मध्ये इंग्लंड व अमेरिकेतील मासे गरवणाऱ्यांच्या वर्गणीतून विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसवण्यात आली. तिच्यात वॉल्टन नदीकाठी पुस्तक वाचत बसलेले दिसतात. १९२२ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेली 'आयझॅक वॉल्टन लीग ऑफ अमेरिका' ही संस्था नद्या, जंगले व वन्यजीव यांच्या संरक्षणासाठी काम करते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये विद्वान आयझॅक कसॉबोन यांच्या स्मारकावर आद्याक्षरे आणि १६५८ हे साल ओरखडलेले आढळते. ती खूण वॉल्टन यांनीच केली असे मानले जाते.